इंदूरमध्ये ऑनलाइन विक्रीसाठी गोडाऊन: जागा कशी निवडायची

महेश्वरी साड्या आणि सुती चादरी ऑनलाइन विकायला आम्ही रामबागेतल्या घराच्या मागच्या खोलीतून सुरुवात केली. माल खोलीत मावेना तेव्हा गोडाऊन शोधायला निघालो, आणि जिथे गेलो तिथे एकच प्रश्न विचारला: भाडं किती? स्वस्त जागा मिळाली, शहराच्या पार टोकाला. अकरा महिने तिथे काढले. भाड्यात जे वाचलं ते कामगारांच्या येण्याजाण्यात, उशिरा निघालेल्या पार्सलांत आणि पहिल्याच पावसात भिजलेल्या चादरींच्या दोन गठ्ठ्यांत गेलं. नवीन लोक आजही तोच एक प्रश्न विचारत फिरताना दिसतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. पार्सल तुमच्या गोडाऊनमधून निघून सरळ ग्राहकाच्या दारी जात नाही. ते संध्याकाळी कुरिअरच्या स्थानिक हबला जातं, तिथे त्याची वर्गवारी होते आणि रात्रीच्या गाडीनं ते पुण्याला, दिल्लीला, अहमदाबादला निघतं. ती गाडी चुकली तर पार्सल पुरता एक दिवस तिथेच पडून राहतं. ग्राहक सहाशे किलोमीटरवर असला तरी तुमच्या हातात असलेलं अंतर फक्त हबपर्यंतचं असतं. मी जागा या एका कसोटीवर आधी तपासते, बाकी सगळं नंतर.

ऑर्डरींचे पिनकोड मांडा

जागा बघायला निघण्याआधी मागच्या तीन महिन्यांच्या ऑर्डरींची यादी काढा आणि पिनकोडच्या पहिल्या तीन आकड्यांप्रमाणे लावा. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, मराठी माणूस आणि संस्कृतचे कवी. टपाल छाटायला सोपं जावं म्हणून त्यांनी जी रचना केली ती आज आपल्याला आयती उपयोगी पडते. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, आणि पहिले तीन मिळून टपाल जिथे छाटलं जातं तो जिल्हा. ४११ म्हणजे पुणे, ४०० म्हणजे मुंबई, ४४० नागपूर, ४६२ भोपाळ, ३८० अहमदाबाद, ३९० बडोदा, ११० दिल्ली, ५६० बंगळूर. एक्सेलमध्ये पहिले तीन आकडे वेगळे काढायला पाच मिनिटं लागतात.

यादी समोर आली की तुम्हाला मुळात इंदूरमध्ये गोडाऊन हवं का, हेही कळतं. निम्म्याहून जास्त ऑर्डरी ४०० आणि ४११ ला जात असतील आणि माल सुरतेहून येत असेल, तर इंदूरमधून पाठवणं म्हणजे उलटी वाट. पण माल महेश्वरचा किंवा इथल्याच सियागंज आणि कापड मार्केटमधला असेल आणि ऑर्डरी चारही दिशांना विखुरलेल्या असतील, तर इंदूरसारखी जागा नाही. मुंबई, अहमदाबाद, भोपाळ, नागपूर, राजस्थान, सगळीकडचे रस्ते इथे मिळतात.

जीएसटी येण्याआधी, म्हणजे १ जुलै २०१७ च्या आधी, कंपन्या दर राज्यात गोडाऊन ठेवत, कारण राज्याची हद्द ओलांडली की केंद्रीय विक्रीकर लागायचा. ते कारण आता उरलं नाही. जुने व्यापारी अजून त्या हिशोबानं सल्ला देतात. त्यांचा अनुभव मोठा आहे, पण हा मुद्दा मात्र तपासून घ्या.

रोज पंधरा-वीसच ऑर्डरी असतील तर गोडाऊन घेऊच नका. घरची खोली, नाहीतर ओळखीच्या दुकानाचा पोटमाळा पुरतो.

जागा किती लागेल, याचा हिशोब

नवीन माणूस दोन चुका करतो: फार मोठी जागा घेतो, किंवा दिवाळी विसरून घेतो. आमचा हिशोब कसा चालतो ते सांगते, आकडे समजण्यापुरते धरा. महिन्याला २,००० नग जातात आणि ४५ दिवसांचा माल हाताशी ठेवायचा आहे, म्हणजे ३,००० नग. एका खोक्यात २० चादरी, म्हणजे १५० खोकी. रॅकला चार थर, तर एकावर एक चार खोक्यांच्या ३८ उभ्या रांगा. एका खोक्याखाली साधारण तीन चौरस फूट जमीन जाते, म्हणजे ११४ चौरस फूट. दिवाळीला माल अडीच पट होतो: २८५. रॅकमधून माणसाला खोकं घेऊन फिरता यायला तेवढीच जागा मोकळी हवी: ५७०. पॅकिंगची दोन टेबलं, निघायला तयार पार्सलं आणि परत आलेला माल मिळून आणखी २०० धरा. ८०० चौरस फूट झाले. आम्ही पहिल्यांदा याच्या दुप्पट जागा घेतली होती, केवळ दर स्वस्त म्हणून.

परत आलेल्या मालासाठी वेगळा कोपरा ठेवाच. तो ताज्या मालात मिसळला की चुकीची, वापरलेली, डाग पडलेली वस्तू पुढच्या ग्राहकाला जाते.

आणखी एक. भाडं चौरस फुटावर ठरतं, पण माल घनफुटात राहतो. दहा फूट उंचीच्या छपराखाली चार थरांवर काम थांबतं, अठरा फुटांखाली आठ थर चढतात. तेव्हा उंची मोजल्याशिवाय दोन जागांच्या भाड्याची तुलना करू नका. आणि सांगितलेले चौरस फूट भिंतीच्या आतले आहेत की बाहेरून मोजलेले, हे टेप लावून स्वतः बघा.

शहराच्या कुठल्या बाजूला?

देवास नाका, लसूडिया मोरी आणि पुढे मांगलियापर्यंतचा पट्टा माझ्या मते नव्या विक्रेत्याला सर्वात सोयीचा. ट्रान्सपोर्टवाल्यांची गर्दी तिथे आहे, बायपास हाताशी आहे, आणि शहरात न शिरता मोठी गाडी सुटते. गर्दीमुळे तिथे दर चढे असतात, आणि देवास नाक्यावर संध्याकाळी वाहतूक अडते. तरीही कुरिअरची गाडी या भागात रोज फिरतेच, हा फायदा मोठा आहे.

सांवेर रोड आणि पालदा हे जुने औद्योगिक भाग. लहान शेड तिथे मिळतात, कामगारही जवळपास राहतात. आतले रस्ते मात्र प्रत्येक गल्लीला वेगळे. मुख्य रस्ता चांगला आहे म्हणून आतली गल्लीही चांगली असेल असं धरू नका. आणि शेजारी काय चालतं ते बघा: मसाल्याच्या, रंगाच्या किंवा रसायनाच्या कारखान्याशेजारी कापड ठेवलं तर वास कापडात शिरतो आणि धुतल्याशिवाय जात नाही.

राऊ आणि पीथमपूरची बाजू मोठ्या मालासाठी, कंटेनरनं येणाऱ्या-जाणाऱ्या मालासाठी चांगली. पीथमपूर धार जिल्ह्यात येतं, त्याचा पिन ४५४ ने सुरू होतो. राऊ, महू आणि मांगलियाचे ४५३ ने. शहराचा ४५२ ने. हे बारकाईनं बघण्याचं कारण असं की कुरिअरचे दर पिनकोडच्या जोडीवर ठरतात. शहरातल्या शहरातल्या पार्सलाचा स्वस्त दर ४५४ वरून लागेलच असं नाही. म्हणून जागा आवडली की तिचा पिन कुरिअरला देऊन दर लेखी मागवा, आणि त्याच वेळी विचारा: या पिनवरून रोज पिकअप आहे का?

उज्जैन रोड आणि सुपर कॉरिडॉरची बाजू विमानतळाला जवळ. हलका, महाग, घाईचा माल असेल तर विचार करा. पण तीन वर्षांचा करार करत असाल तर २०२८ चा उज्जैनचा सिंहस्थ लक्षात ठेवा. त्या काळात त्या रस्त्यावरून मालाची गाडी वेळेवर काढणं अवघड जाईल.

आणि शहराच्या पोटात, राजवाडा, जेल रोड, सियागंजच्या आसपास? माल तिथेच खरेदी होत असेल तर मोह होतो. दिवसा मोठ्या गाड्यांना शहरात प्रवेशबंदी असते, आणि तिच्या वेळा बदलत राहतात. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले देखावे, निघतात, रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, तेव्हा ते रस्ते माणसांनी भरून जातात. आम्हालाही झांक्या बघायच्या असतातच, पण अनंत चतुर्दशी नेमकी नवरात्र-दिवाळीच्या ऑर्डरी वाढायच्या तोंडावर येते, आणि त्या दिवशीची पार्सलं आदल्या दिवशी काढावी लागतात. दुकानाला ती जागा योग्य, गोडाऊनला नाही.

मुंबई-पुण्याहून माल येत असेल तर गाडी मानपूर आणि धामणोदच्या मधल्या गणेश घाटातून चढून येते. घाटात अडकलेली गाडी सकाळऐवजी दुपारी पोहोचते. त्यामुळे माल उतरवायला दुपारीही माणसं आणि जागा मोकळी राहील, असंच वेळापत्रक बसवा.

संध्याकाळची परीक्षा

जागा पसंत पडली की करार करण्याआधी एक संध्याकाळ तिथे उभे राहा. पाच ते आठ. शेजारच्या गोडाऊनमध्ये जा, चहा घ्या, विचारा. गाडी रोज येते का? किती वाजता? रविवारी काय होतं? पार्सल जागेवर स्कॅन होतं की हबला गेल्यावर? दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गाडी भरली म्हणून निम्मी पार्सलं मागे राहिली, असं कधी झालं का?

स्कॅनचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण विक्रीच्या संकेतस्थळावर तुमच्या वेळेचा हिशोब पहिल्या स्कॅनपर्यंत धरला जातो. गाडी चार वाजता येऊन गेली आणि स्कॅन रात्री अकराला हबवर झालं, तर तुमच्या नावावर उशीर लागू शकतो. आमच्या पहिल्या जागेवर गाडी दुपारी तीनला यायची, कारण आम्ही तिच्या फेरीत पहिले होतो. दुपारी तीन ते रात्रीपर्यंतच्या ऑर्डरी, म्हणजे दिवसातल्या जवळजवळ निम्म्या, दुसऱ्या दिवसावर जायच्या. आताच्या जागेवर गाडी साडेसातला येते. एवढ्या एका फरकानं आमची रद्द होणारी आणि दारातून परत येणारी पार्सलं कमी झाली. कॅश ऑन डिलिव्हरीत तर एकेक दिवस महत्त्वाचा असतो, कारण तोपर्यंत माणसाचं मन बदलतं, किंवा तीच वस्तू तो दुकानातून आणतो.

जमलं तर आणखी एक करा. तिथल्या एखाद्या विक्रेत्याच्या मदतीनं तुमची दहा पार्सलं तिथून पाठवून बघा. पुणे, नागपूर, दिल्ली, आणि एखादं आडगाव. ट्रॅकिंगवर हबमधून निघायची वेळ लिहून ठेवा. कुठल्याही दलालाच्या बोलण्यापेक्षा या दहा ओळी जास्त सांगतात.

भाडं नव्हे, एका ऑर्डरीमागचा खर्च

आता दोन जागा समोर ठेवू, हेही आकडे उदाहरणादाखल. जवळची जागा, ८०० चौरस फूट, भाडं २०,०००. लांबची तेवढीच, भाडं १२,०००. महिन्याला २,००० ऑर्डरी. जवळच्या जागेचं भाडं एका ऑर्डरीमागे १० रुपये, लांबच्याचं ६. चार रुपयांचा फायदा दिसतो.

आता लांबच्या जागेवर पाच माणसांच्या येण्याजाण्याचे दरमहा प्रत्येकी १,२०० धरा. ६,००० झाले, ऑर्डरीमागे ३ रुपये. पिकअप लवकर असल्यामुळे महिन्याला वीस पार्सलं जास्त परत आली आणि प्रत्येकामागे जाण्यायेण्याचे १५० गेले, तर ३,०००, म्हणजे दीड रुपया. लांबची जागा साडेदहाला पडली. विजेचा खोळंबा, जनरेटरचं डिझेल, माणूस नोकरी सोडून गेल्यावर नवीन शिकवण्यात गेलेले दिवस, हे अजून धरलेलं नाही.

माणसांचा मुद्दा मी शेवटी लिहिला, पण तो जड आहे. आमच्या पॅकिंगवर बहुतेक बायका आहेत. दिवाळीत रात्री नऊपर्यंत काम चालतं. त्या वेळी घरी जायला मॅजिक (शेअरची छोटी व्हॅन) किंवा बस मिळते का, मुख्य रस्त्यापर्यंत दिवे आहेत का, स्वच्छ आणि कडी लागणारं संडास आहे का, हे मी आता भाड्याच्या आधी विचारते. चांगला पॅक करणारा हात मिळणं आणि टिकणं यावर सगळा धंदा उभा असतो, आणि त्या बायकांना सुरक्षित घरी पोहोचता यावं ही आपली जबाबदारी आहे.

इमारत बघताना

माझे मामा लोहामंडीत ट्रान्सपोर्टचं काम बघायचे. त्यांनी आमची दुसरी जागा बघितली आणि आत पाऊलही न टाकता म्हणाले, "आधी गाडी वळवून दाखव." आम्ही खरंच एक ट्रक बोलावला. पहिल्या गल्लीत तो शिरला, पण वळला नाही. ती जागा तिथेच सुटली. तुमच्याकडे माल ज्या गाडीतून येणार आहे ती गाडी एकदा तिथे आणून उभी करा, दरवाजा उघडा, आणि उलटी बाहेर काढा. वर लोंबणाऱ्या विजेच्या तारा बघा. ट्रकचा फाळका जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतो. तेवढ्या उंचीचा ओटा असेल तर माल उतरवायला निम्मा वेळ लागतो. नसेल तर चालतं, पण हमालीचा भाव त्याप्रमाणे धरा.

माळव्याची माती काळी. पावसात फुगते, उन्हात आकसते. भराव नीट नसेल तर फरशीला लांब भेगा पडतात, भिंत आणि जमीन यांच्यामध्ये फट दिसते, रॅक कलतात. या खुणा शोधा. जोतं रस्त्यापेक्षा वर आहे का ते बघा. रस्त्याचं डांबरीकरण दर वेळी थर वाढवतं, आणि जुनं गोडाऊन हळूहळू खाली जातं. आमच्या पहिल्या जागेला हेच झालं होतं. मालकांनी पाणी येत नाही असं सांगितलं, आणि आम्ही भिंतीवरची हातभर उंचीची पिवळी रेघ बघूनही विचारलं नाही. तुम्ही विचारा. शक्य असेल तर जागा जुलै-ऑगस्टमध्ये बघा. नसेल तर शेजारच्या पानवाल्याला विचारा, पाणी कुठपर्यंत चढतं ते त्याला ठाऊक असतं.

उन्हाळ्यात पत्र्याखाली भट्टी होते. चिकटपट्टी सुटते, लेबल वाळून पडतं, माणसं दुपारी थकतात. छपरावर हवा खेचणारे फिरते पंखे आहेत का ते बघा. आगीसाठी दोन दरवाजे हवेतच, आणि दुसऱ्या दरवाजापुढे मालाची थप्पी लागणार नाही अशी मांडणी आधीच ठरवा. पुठ्ठा आणि कापड फार झपाट्यानं पेटतं.

कागदपत्रं

इथे घाई करू नका. शेतजमिनीवर बांधलेलं गोडाऊन असेल तर डायव्हर्शनचे, म्हणजे जमिनीचा वापर बदलून घेतल्याचे, कागद मागा. खसरा (जमिनीचा क्रमांक), मालकाचं नाव, मालमत्ता कराची पावती आणि वीजबिल एकमेकांशी जुळतात का बघा. वीजजोड व्यावसायिक वापराचा असावा.

गोडाऊनचा पत्ता तुमच्या जीएसटी नोंदणीत व्यवसायाची अतिरिक्त जागा म्हणून घालावा लागतो. त्यासाठी भाडेकरार, वीजबिल आणि मालकाची संमती हाताशी ठेवा. हे बदल १५ दिवसांच्या आत कळवायचे असतात, आणि पत्ता नोंदवल्याशिवाय तिथे माल ठेवू नका. इंदूर, देवास, पीथमपूर ही सगळी मध्य प्रदेशातच असल्यामुळे एकच जीएसटी नंबर चालतो. उद्या भिवंडीला किंवा बडोद्याला दुसरं गोडाऊन काढलंत तर त्या राज्याचा वेगळा नंबर घ्यावा लागेल, आणि स्वतःचाच माल इथून तिथे पाठवतानाही कर लावून बिल करावं लागेल. राज्याबाहेर ५०,००० रुपयांवरचा माल निघाला की ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना, लागतं; साधारण दर २०० किलोमीटरला त्याची एक दिवसाची मुदत असते.

मालकाची जीएसटी नोंदणी नसेल आणि तुमची नियमित असेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरचा १८ टक्के कर तुम्हाला स्वतः भरावा लागतो. पुढे तो वजा मिळतो, पण महिन्याच्या रोख रकमेत तो धरलेला हवा. आपल्या सीएला करार होण्याआधी विचारा.

लोणची, मसाले, शेव असं खाण्याचं काही ठेवणार असाल तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी किंवा परवाना त्या गोडाऊनच्या पत्त्यावरही लागतो.

करारात चार वाक्यं स्पष्ट लिहून घ्या: जागा सोडायची तर किती दिवस आधी सांगायचं, अनामत कधी परत मिळणार, छप्पर गळलं तर दुरुस्ती कोण करणार, आणि भाडं दरवर्षी किती टक्क्यांनी वाढणार. पहिल्यांदा घेत असाल तर सक्तीनं राहायचा काळ सहा महिन्यांच्या वर मान्य करू नका. विमा घेताना पुराचं आणि गळतीचं नुकसान त्यात धरलं आहे का, हे कागदावर वाचा. आमच्या भिजलेल्या गठ्ठ्यांच्या वेळी आमच्याकडे फक्त आगीचा विमा होता.

हलवायची वेळ

नवीन गोडाऊनमध्ये जायचं तर दिवाळी संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी जा. तेव्हा माल सर्वात कमी असतो. नवरात्राच्या तोंडावर कधीही नको. जुनी जागा निदान एक महिना हातात ठेवा, कारण परत येणारी पार्सलं जुन्या पत्त्यावरच येत राहतात. विक्रीच्या संकेतस्थळावर परतीचा पत्ता बदलला तरी वाटेत असलेल्या पार्सलांना ते लागू होत नाही. आम्ही जुन्या जागेवर एका मुलाला रोज दोन तास बसवलं होतं. पहिल्या आठवड्यात त्याच्याकडे एकतीस पार्सलं आली, चौथ्यात दोन, आणि मग आम्ही किल्ली मालकांना परत दिली.